दगडाचं बोंड

माझी जाऊ दीपमाला लय मोठ्यानं हसायची. विहिरीवर हसली तरी आमच्या सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या, "अगं, दात मोजायला बोलावलंय का कुणाला?" कळवणची पोरगी. सत्त्याण्णव साली लग्न होऊन आमच्या पाथर्डीच्या घरात आली. मी थोरली जाऊ, सिंधू. मी तोंडानं तिखट, ती हातानं चपळ, म्हणून आमचं जमलं. झेंडूच्या तोडणीला माझी एक पाटी भरेपर्यंत तिच्या दोन भरायच्या, आणि वर मलाच विचारायची, "ताई, तुमच्या पाटीला भोक पडलं का काय?"

तेव्हाची दीपमाला ज्यानं बघितली त्याला नव्व्याण्णवच्या पावसाळ्यातली ओळखू आली नसती. भीती माणसाला आतून कशी पोखरते ते मी तिच्यात बघितलं. आणि खोटं कशाला बोलू, तिच्याबरोबर मीही भ्याले. एरवी मी सापाच्या शेपटीवर पाय देऊन पुढं जाणारी बाई.

पाथर्डी फाट्याजवळ अन्सारभाईंची पत्र्याची शेड होती. आमच्या भागात खाणीत नाही तर विहिरीत सुरुंग लावला की गारगोट्या निघतात, आत काचेसारखे खडे असलेल्या. अन्सारभाई त्या घ्यायचे, धुऊन कापसात गुंडाळायचे आणि परदेशी पाठवायचे. दगडाची माती काढायचं काम बायका घरी आणायच्या. दीपमालेला पाचवा लागला, शेतातलं वाकायचं काम बंद झालं, तसं तिनं हे घेतलं. जुना दातांचा ब्रश, पाण्याची बादली, आणि मांडीवर गोणपाट. बसल्या जागी गाणी म्हणत घासत बसायची.

त्या आषाढात छिंदवाड्याकडनं एक पोतं आलं. त्यातले दगड चमकत नव्हते. काळपट, लिंबाएवढे पण जरा लांबट, आणि अंगावर सगळीकडे खवले. मी एक हातात घेतला आणि म्हणाले, "हे काय गं, सरड्याची अंडी?" ती खो-खो हसली. "काहीबी काय ताई! दगड हाय, दगड. बघा की वजन."

दिव्यांच्या अवसेला संध्याकाळचं सूर्यग्रहण आलं. रेडिओवर, पेपरात, जिथं तिथं तेच. आमच्या सासूबाई, ठमाबाई, यांना मात्र पेपरची गरज नव्हती. ग्रहण म्हटलं की त्या बाईच्या अंगात वारं भरायचं. घरातली विळी, सुरी, कात्री, सुया, खुरपी, माझ्या नवऱ्याचं दाढीचं पातंसुद्धा त्यांनी गोळा करून पोत्यात बांधलं आणि गोठ्यात टाकलं. दीपमालेला मधल्या खोलीत बसवलं. खिडकीच्या फटीत गोधडी कोंबली. वर बल्ब तेवढा चालू ठेवला.

"काय चिरायचं नाय, काय शिवायचं नाय, गाठ मारायची नाय. नखसुद्धा खायचं नाय," त्या म्हणाल्या. "ग्रहणात पोटुशी बाईनं फळ चिरलं का पोटातल्याचा ओठ चिरतो. ऐकलं का?"

"ऐकलं, आत्याबाई."

"माझ्याकडं बघून सांग."

तिनं त्यांच्याकडं बघून सांगितलं. दाराला बाहेरून कडी लागली. दिवे घासून पाटावर मांडलेले, पण ग्रहण सुटेपर्यंत लावायचे नव्हते. आभाळ भरलेलं होतं, सूर्य काही दिसला नाही, पण उजेड असा मळकट झाला की आमच्या कोंबड्या वेळेआधीच खुराड्यात शिरल्या.

ग्रहण सुटल्यावर अंघोळीचं पाणी घेऊन मीच कडी काढली. दीपमाला भिंतीला टेकून बसली होती. हसू नाही, तोंड पांढरंफटक. मांडीवरच्या गोणपाटावर दगडाचे दोन तुकडे होते.

"ताई," ती म्हणाली, "हाई फळ शे."

घाबरली की ती माहेरच्या अहिराणीवर जायची. मी खाली बसले आणि तुकडे उचलले. उभा फुटला होता तो दगड. मधोमध दांडा, दांड्याच्या दोन्ही अंगांनी पाकळ्या, आणि एकेका पाकळीच्या बुडाशी बी. पांढुरकं, तिळापेक्षा जरा मोठं, ओळीनं बसवलेलं. बी म्हणजे बीच. आम्ही बियाण्यात हात घालून मोठी झालेली माणसं, आम्हाला काय कळत नाही?

"मी काय चिरलं नाय हो ताई," ती सांगायला लागली. "नुसती बसून भ्या वाटत होतं. म्हणलं दगड घासायला काय हरकत हाय, त्यात चिरायचं काय नाय, शिवायचं काय नाय. खवल्यातली माती निघंना म्हणून फरशीवर जरा आपटला. आन् दोन झालं."

"मग आपटलं ना? चिरलं कुठं?"

"आत बी हाय ताई. फळच हाय हे. मी ग्रहणात फळ फोडलं."

बाहेरून सासूबाईंची हाक आली, "झाली का गं अंघोळ?" मी ते दोन्ही तुकडे माझ्या ओच्यात लपवले. "दगड हाय, गप," असं मी तिला म्हणाले खरं, पण माझं मलाच पटलं नव्हतं. सासूबाईंना सांगायचं नाही अशी तिनं मला पोटावर हात ठेवायला लावून शपथ घातली. महेशला, तिच्या नवऱ्यालाही नाही. तो पिकअप घेऊन फुलं पोचवायला दादरला जायचा, आणि घरात असला की झोपलेला असायचा. त्याला सांगून तरी काय उपयोग होता?

त्या दिवसापासून तिचा हात ओठावर. बोलताना, भाकरी थापताना, बघावं तेव्हा वरच्या ओठावरनं बोट फिरवायची, जसं काही तिथली शिवण उसवेल. समोर कुणी आलं की त्याच्या डोळ्यांत बघायचं सोडून तोंडाकडं बघायची. बुधवारच्या बाजारात आम्ही गेलो, तर माझा हात सोडून कुठं गायब झाली. शोधते तर एका कांदेवाल्याच्या मागं मागं चाललेली. बिचाऱ्याचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटका होता. मी तिला धरलं.

"कुठं चाललीस?"

"त्याला विचारते, त्याच्या आईनं काय चिरलं होतं."

तिला ओढत आणली आणि रस्ताभर बोलले, "डोकं फिरलं का तुझं? लोकं काय म्हणतील?" ती नुसती ओठ चाचपत चालली.

म्हटलं, हे असं नाही चालायचं. माहितगाराला विचारावं. मी ते तुकडे रुमालात बांधून शेडवर गेले. अन्सारभाई मालेगावकडचे, स्वभावानं गरीब. दगड फुटला म्हणून आरडाओरडा करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तुकडे उन्हात धरले आणि खूष झाले.

"अरे वा, ताई, आतला माल तर एक नंबर निघाला. हे बोंड आहे. थंड पहाडात चीडची, म्हणजे पाइनची झाडं असतात ना, त्याच्या जातीचं. बाहेरचे लोक याला कोन म्हणतात. करोडो साल आधी झाडावरून पडलं, गाळात दबलं, पत्थर झालं."

"म्हणजे फळ नाय ना?" मी विचारलं.

"बिलकुल नाही. ही झाडं फळ धरतच नाहीत. फूल नाही, फळ नाही. बी उघडंच, पाकळीवर ठेवलेलं. फुलं दुनियेत यायच्या आधीपासूनची जात आहे ही."

फुलाशिवाय बी! आमचं पोट फुलांवर चालतं. फूल नाही आणि बी आहे, हे माझ्या डोक्यात काही शिरेना. पण फळ नाही एवढं मी पदरात बांधून घेतलं, अन्सारभाईंना विचारून तुकडे परत रुमालात बांधले आणि पळत घरी आले. दीपमालेला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "ऐक. फळ नाय ते. त्या झाडाला फळच येत नाय. बी उघडंच असतं. सुटलीस बघ तू."

तिचं तोंड उजळेल म्हणून मी बघत होते. ती हळूच म्हणाली, "उघडं बी?"

"हो."

"त्याला टरफल नाय, गर नाय, काय नाय?"

"नाय म्हणाले."

"मग त्याच्या अंगावर तेवढा दगडच होता ना ताई. इतकी वर्षं झाकून होतं. ते मी फोडलं."

कप्पाळ माझं! मी काडी विझवायला गेले आणि रॉकेल ओतून आले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काय उगीच? तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं, पण चार दिवसांनी अन्सारभाईंच्या घरच्या, ताहेराभाभी, धुतलेले दगड न्यायला आल्या. दीपमालेनं त्यांना हळूच विचारलं, तुमच्यात ग्रहण पाळतात का म्हणून. त्या भल्या बाईनं भोळेपणानं सांगून टाकलं, "हो तर. आमच्यात नमाज पढतात, आणि पोटुशी बाईच्या हाताला चाकू लागू देत नाहीत. माझी सासू तर मला सुपारी फोडू देत नव्हती." झालं. आता दोन्हीकडनं शिक्का बसला.

भाद्रपदात माझ्या ध्यानात आलं की ती जेवत नाही. म्हणजे ताटावर बसायची, पण उठल्यावर ताट तसंच. आधी तिनं काकडी सोडली. मग टोमॅटो, वांगं, भेंडी. पेरू आणला तर हात लावला नाही. मला वाटलं, डोहाळे असतील. मग एक दिवस डाळ बाजूला सारलेली दिसली, भाताला तर हातच लावलेला नाही.

"भाताला काय झालं आता?"

"बीच ना ते ताई. डाळ बी, तांदूळ बी. बाजरी बी. ज्याला मी उघडं पाडलं त्याचीच जात. माझं बाळ धड होईस्तोवर मी बी खाणार नाय."

"मग खाणार काय? माती?"

"बटाटा खाते. पाला खाते. दूध पिते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घास करून तिच्या तोंडाशी नेला आणि म्हणाले, "गिळ. नाय तर आत्ता जाऊन आत्याबाईंना सगळं सांगते." तिनं घास घेतला. मोरीत जाऊन ओकली. मुद्दाम नव्हे, पोटातच राहीना. डोळ्यांतून पाणी, आणि बोट परत ओठावर. मला तिचा जितका राग आला तितकंच तिच्यासाठी पोटात तुटलं. दंड बघावा तर माझ्या मनगटाएवढा. पोट तेवढं पुढं, बाकी नुसता सापळा.

सासूबाईंना दिसत नव्हतं असं नाही. त्या शिरा करायच्या, गूळ-तूप पुढं ठेवायच्या. रवा म्हणजे गहू, गहू म्हणजे बी. शिरा कुत्र्याला जायचा. "काय होतंय गं तुला?" असं त्या विचारायच्या आणि ती "काय नाय, आत्याबाई" म्हणायची. गावातल्या नर्सबाई वजन करून म्हणाल्या, बाई, बाळ वाढत नाही. मी त्या वेळी बोलायला पाहिजे होतं असं तुम्ही म्हणाल. पण पोटावर हात ठेवून घेतलेली शपथ होती, आणि मोडली तर त्याचं खापर बाळावर फुटेल, ही धास्ती मलाही लागली होती. तोवर मीसुद्धा रोज त्या बाळाच्या ओठाची काळजी करत होते. माझे मला हसू यायला पाहिजे होतं, पण येत नव्हतं.

तिनं ते दोन तुकडे माझ्याकडून परत मागून घेतले आणि एम-सील लावून चिकटवले. वरून लाल नाडा गुंडाळला. देवळीत ठेवला आणि दिवसातून दहा वेळा जाऊन बघायची, जोड सुटला तर नाही ना. एकदा तिथं उंदीर खुडबुडला तर अशी किंचाळली की शेजारच्या कुसाबाई धावत आल्या.

दसरा झाला. झेंडूची गडबड सरली. कळवणहून तिची आई बाळंतपणाला न्यायला येणार होती, ती यायच्या आत एका दुपारी हिच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. महेशनं पिकअपमध्ये गोधड्या टाकल्या. मी आणि सासूबाई मागं तिला धरून बसलो. खड्डा आला की ती माझा हात असा आवळायची की बांगड्या रुतायच्या. अंबडजवळ एक मोठी कळ आली आणि तिचा बांधच फुटला.

"आत्याबाई, मला माफ करा. मी ग्रहणात फोडलं. दगड म्हणून फोडलं, आत बी निघालं. माझ्या बाळाचा ओठ..."

मी डोळे मिटून घेतले. आता ही म्हातारी काय करते? त्यांचा हात दीपमालेच्या कपाळावरनं फिरत होता, तो थांबला. मी हळूच बघितलं. सासूबाईंचं तोंड राखेसारखं झालं होतं. शिव्या दिल्या असत्या तर मला धीर आला असता. पण दवाखान्यापर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, आणि कपाळावर ठेवलेला हात मात्र काढला नाही.

दवाखान्यात तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. आतून तिच्या कण्हण्यापेक्षा तेच मोठ्यानं ऐकू यायचं, "ओठ बघा, बाई, आधी ओठ बघा." महेश मला विचारत होता, "वहिनी, हे कशाचं बोलते ती?" मी म्हणाले, "गप बस." मला आत बोलावतील आणि ते लेकरू आधी मलाच दाखवतील, आणि मी कोणत्या तोंडानं तिला जाऊन सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं. सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

रडण्याचा आवाज आला. बारीक, मांजराच्या पिलासारखा. मग दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मागं नर्स, तिच्या हातात कपड्यात गुंडाळलेलं एवढंसं गाठोडं. मी उठले.

"मुलगी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघी ठीक आहेत. बघा."

मी बघितलं. सुरकुतलेलं, लालबुंद, हडकुळं तोंड, आणि ओठ अख्खा. वरचा, खालचा, दोन्ही अख्खे. मी तिथंच हुंदका देऊन रडले. आयुष्यात तशी रडले नव्हते.

डॉक्टरीणबाई मात्र संतापल्या होत्या. "कोणी भरवलं तिच्या डोक्यात हे? ग्रहणात फळ कापलं म्हणून ओठ फाटतो? अहो, ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून तयार होतो. दुसऱ्या! कित्येक बायकांना तोवर दिवस गेल्याचंसुद्धा कळलेलं नसतं. हिचं ग्रहण सहाव्या महिन्यात. पोरगी अशी वाळकी झाली ती ग्रहणानं नाही, आई जेवली नाही म्हणून. हिला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागेल."

मी मान हलवत होते. तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्या डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"सातव्या महिन्यात चिरलं तर?"

"आजी, तेच सांगतेय ना. सहाव्यात, सातव्यात, नवव्यात, कधीही काहीही चिरा. ओठ फाटायचा असला तर तो त्याच्या कितीतरी आधीच तसा झालेला असतो. आईच्या हातून काही होत नाही."

"काकडी होती," सासूबाई म्हणाल्या. "मला ध्यानच राहिलं नव्हतं गिराण हाय म्हणून. लय भूक लागली होती."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. महेशलाही नाही. मला कळलं. माझा नवरा थोरला, असंच मी आजवर धरून चालले होते. घरात कुणी कधी त्याच्या आधीच्याचं नाव काढलं नव्हतं.

"मुलगा होता," त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या. "ओठ पार नाकापोतर उघडा. दूध पाजलं का नाकातनं यायचं. ओढताच येत नव्हतं त्याला. लय भुकेला होता गं. माझी सासू म्हणली, तूच खाल्लंस त्याला. गाव म्हणलं. त्याचा बाप म्हणला. मीबी म्हणले." त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि लगेच काढला. "मला मरायचं भ्या वाटायचं, सिंधू. वर गेल्यावर त्याला काय तोंड दाखवू?"

माझी दोन्ही पोरं झाली तेव्हा बारशापर्यंत ह्या बाईनं त्यांना हातात घेतलं नव्हतं. लांबूनच बघायच्या. मी आठ वर्षं तो राग मनात धरला होता, आणि चारचौघींत बोलूनही दाखवला होता.

आतून दीपमालेची हाक आली, "ताई, ओठ बघितला का?" मी धावत गेले आणि सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मला तीनदा शपथ घ्यायला लावली, मग कुठं तिनं माझा हात सोडला आणि नर्सकडं पेजेची वाटी मागितली.

मी परत बाहेर आले तेव्हा नर्स बाळाला पेटीत न्यायची घाई करत होती. पण सासूबाईंनी हात पुढं केले होते, आणि नर्सनं क्षणभर ते गाठोडं त्यांच्या हातांत दिलं होतं. त्यांनी पोरीच्या ओठाला बोट लावलं नाही. नुसत्या धरून उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडं निघाल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना हाक मारली.

"बाई," त्या म्हणाल्या, "तेवढं परत एकदा सांगा."